थेंबाची जबानी

कौलारू घर गळू लागले म्हणजे माजघरात ज्या जागी टोप मांडावा लागतो, त्या जागेच्या नेमके वर फुटके कौल क्वचितच सापडते. पाणी वाशावरून चालत येऊन आपल्या सोयीच्या ठिकाणी ठिबकते. १९७० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत बांधल्या गेलेल्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौका आज गळतात, त्यांतही पाणी हाच कावा करते.

तपासाचे पहिले साधन जीभ होय. कपाटात ठिबकलेले पाणी बोटाने चाखावे: खारट असेल तर समुद्राचे, गोडे असेल तर पावसाचे अथवा टाकीचे. मात्र डेकवर सुकलेल्या मिठावरून वाहत आलेला पाऊसही खारट लागतो, तेव्हा जिभेची जबानी एकदम ग्राह्य मानू नये. जलरेषेखालच्या छिद्राचा मामला निराळा. पृष्ठभागाखाली ६० सेंटीमीटरवर अडीच सेंटीमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येते. असला गुन्हेगार आपण होऊनच हजर होतो.

खरी चिकाटी लागते ती डेकवरच्या केसाएवढ्या फटीसाठी. झडपा-खिडक्या बंद करून पंख्याने आत हवा कोंडावी आणि बाहेरून प्रत्येक बोल्टाभोवती साबणाचे पाणी फिरवावे; ज्या मार्गाने पाणी आत शिरते, त्याच मार्गाने हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात.

अशा पुष्कळ नौकांचे डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पापुद्र्यांमध्ये कोंबलेले बाल्सा लाकूड. १९४७ साली नॉर्वेचा संशोधक थोर हायरडाल याने ज्या तराफ्यावरून प्रशांत महासागर ओलांडला, त्याचे ओंडके याच लाकडाचे, परंतु ओले व रसाने भरलेले होते. डेकमधला बाल्सा सुकवलेला, म्हणून तहानलेला. बोल्टाच्या भोकातून झिरपलेले पाणी तो मुकाट्याने पितो व आतल्या आत कुजतो. हातोडीने हलकेच ठोकले असता खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, की समजावे. त्याहून घातक गोष्ट म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या स्टेनलेस पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या पट्ट्या डेकमधून आरपार जातात. प्राणवायूमुळे क्रोमियमवर धरणाऱ्या अदृश्य पापुद्र्यावर त्या पोलादाचे निष्कलंकत्व अवलंबून असते, आणि कोंडलेल्या ओलीत प्राणवायूच मिळत नसल्याने पट्टी नजरेआड झिजत जाते. बाहेर दिसतो तो केवळ चहासारखा एक ओघळ.

आतून लांबी चोपडून ठिबक थांबवणे ही, माझ्या मते, दुरुस्ती नव्हे. तो पुरावा दडपण्याचा प्रकार आहे, कारण पाणी आत येतच राहते, फक्त बाल्सात मुरते. बोल्ट काढावा, कुजका गाभा कोरून सुकू द्यावा, पोकळीत घट्ट इपॉक्सी भरावी आणि ती कडक झाल्यावर त्या भरावातच नवे भोक पाडावे, म्हणजे पुढे कधी गळले तरी पाण्याची लाकडाशी गाठ पडत नाही. भोकाची वरची कड जराशी खरवडून तिथे ब्युटाइल रबराची चिकट पट्टी गुंडाळावी आणि बोल्ट एकदम न आवळता दोन-तीन दिवस थोडाथोडा आवळत जावे. शेवटी कपाटात बोल्टाखाली खडूची जाड रेघ ओढून पहिल्या मोठ्या सरीची वाट पाहावी.