गिटार वाजवल्यावर बोटांना खाज सुटते? गिटार विकू नका, आधी तारा तपासा!

एरवी आपण इथे मोबाईल, ॲप आणि चार्जरबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण गिटार किंवा बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. आणि हो, यात मोबाईलचं एक ॲप तुम्हाला कसं फसवू शकतं, तेही येणार आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. वाशीममध्ये मी एक सेकंड हँड इलेक्ट्रिक गिटार घेतली. रात्री हेडफोन लावायचा, यूट्यूबवर धडा लावायचा आणि सराव करायचा. सात-आठ महिने सगळं मस्त चाललं. मग एप्रिलचं ऊन तापलं, हाताला घाम सुटू लागला आणि डाव्या हाताच्या बोटांना खाज यायला लागली. दोन दिवसांत बोटांच्या कडेला मोहरीएवढे पाण्याचे फोड आले, मग कातडी सोलून भेगा पडल्या. मित्र म्हणाला, "अबे, सुरुवातीले साऱ्यायचेच बोटं सोलते." मेडिकलवाल्याने नायटा समजून एक ट्यूब दिली. ती लावली की चार दिवस बरं वाटायचं, गिटार हातात घेतली की पुन्हा तेच. शेवटी गिटार विकायला काढली होती. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं की ही निकेलची ॲलर्जी आहे. गिटार विकायची काहीच गरज नव्हती!

निकेल ॲलर्जी म्हणजे नेमकं काय?

निकेल हा एक धातू आहे. घाम लागला की त्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे आयन, धातूतून सुटतात आणि त्वचेत शिरतात. काही लोकांच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा या कणांना शत्रू समजते. एकदा का तिने निकेलची ओळख पक्की केली की पुढे प्रत्येक वेळी ती हल्ला करते, आणि त्यातून खाज, लाली, फोड येतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. साधारण १ ते ३ दिवसांनी पुरळ येतं. म्हणून रविवारी वाजवलेल्या गिटारचा त्रास मंगळवारी दिसतो आणि आपण दोष देतो मंगळवारच्या साबणाला. दुसरी, ही ॲलर्जी अनेक महिने किंवा वर्षं निकेल हाताळल्यावरही सुरू होऊ शकते. त्यामुळे "इतके दिवस तर काही झालं नाही" हा मुद्दा चालत नाही. एकदा झाली की ती बहुतेक वेळा आयुष्यभर राहते.

स्वस्त कानातले घातले की कान चिघळतो का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ चट्टा येतो का? घड्याळाच्या बकलखाली खाज सुटते का? असं असेल तर गिटारच्या आधीच निकेलशी तुमची ओळख झालेली असू शकते.

घट्टे की ॲलर्जी? फरक असा ओळखा

नवीन शिकताना बोटं सगळ्यांचीच दुखतात. ते दुखणं बोटाच्या टोकावर, जिथे तार दाबली जाते तिथेच असतं. दाबलं की दुखतं, खाजत नाही. काही आठवड्यांत तिथे घट्टा पडतो आणि दुखणं थांबतं.

ॲलर्जीत खाज मुख्य असते. पुरळ टोकावरून बोटाच्या कडेला पसरतं, बारीक फोड येतात, कातडी सुटते. सराव थांबवला की हळूहळू कमी होतं, सुरू केला की परत येतं. बेस वाजवणाऱ्यांनी उजव्या हाताची पहिली दोन बोटंही बघावीत, कारण ते त्याच बोटांनी तार छेडतात.

इथे मोबाईल खरंच कामाला येतो. रोज एकाच उजेडात बोटांचा फोटो काढा आणि किती वेळ वाजवलं, कोणत्या तारा होत्या हे नोट्समध्ये लिहा. तीन-चार आठवड्यांची ही नोंद डॉक्टरांसाठी सोन्यासारखी असते.

गिटारमध्ये निकेल कुठे असतं?

१. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारा: सर्वात जास्त विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये स्टीलच्या गाभ्यावर निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलची तार गुंडाळलेली असते. पाकिटावर 'निकेल वाउंड' किंवा 'निकेल प्लेटेड स्टील' असं लिहिलेलं असतं. 'प्युअर निकेल' सेटमध्ये तर गुंडाळलेली तार निकेलचीच. बेसच्या बहुतेक सेटमध्येही हाच प्रकार असतो.

२. बारीक तारा: इलेक्ट्रिकच्या वरच्या, बिनगुंडाळीच्या तारा साध्या स्टीलच्या असतात आणि त्यांच्यावर सहसा कथिलाचा मुलामा असतो. त्यामुळे त्या बहुतेक वेळा निर्दोष ठरतात.

३. फ्रेट: इथे नावच फसवतं. फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर किंवा जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल असा तो मिश्रधातू असतो. सतारीचे काही पडदेही याच जर्मन सिल्व्हरचे असतात.

४. ब्रिज, नॉब, ट्यूनिंगच्या किल्ल्या, केपो: यांवर निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा असतो. क्रोमच्या खालीही बहुधा निकेलचा थर असतो. क्रोम झिजला की तो उघडा पडतो.

अकूस्टिक गिटारच्या जाड तारा बहुधा ब्राँझच्या असतात. 'फॉस्फर ब्राँझ' म्हणजे तांबं आणि थोडं कथील, '८०/२०' म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. यात सहसा निकेल नसतं. क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांचा तर प्रश्नच मिटला.

लोहचुंबक आणि मेटल डिटेक्टर ॲपच्या नादी लागू नका

"चुंबक चिकटलं की निकेल" असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हे चूक आहे. १८ टक्के निकेल असलेल्या फ्रेटला चुंबक चिकटत नाही आणि निकेल नसलेल्या साध्या स्टीलच्या तारेला लगेच चिकटतं.

मोबाईलमधलं मेटल डिटेक्टर ॲपही असंच. फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर नावाचा सेन्सर असतो. हे ॲप त्याच्या मदतीने फक्त चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतं. धातू कोणता, हे त्याला कळत नाही. शिवाय इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकच असतात, त्यामुळे गिटारजवळ नेलं की ॲप ओरडणारच!

खरी चाचणी वेगळी आहे. डायमिथाइलग्लायॉक्झिम, थोडक्यात डीएमजी, नावाच्या रसायनाचं छोटं किट ऑनलाइन मिळतं. कापसाच्या काडीवर थेंब घेऊन धातूवर साधारण ३० सेकंद घासायचं. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय. यात अमोनिया असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि गिटारच्या पॉलिशवर सांडू देऊ नका. काडी गुलाबी झाली नाही म्हणजे शंभर टक्के सुरक्षित, असंही समजू नका.

'किती आहे' पेक्षा 'किती सुटतं' महत्त्वाचं

घरातल्या एखाद्या स्टीलच्या भांड्याखाली १८/८ असा शिक्का बघा. म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. तरीही निकेलची ॲलर्जी असलेली माणसं त्या ताटात रोज जेवतात आणि बहुतेकांना हाताला काही होत नाही. कारण स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल घट्ट बांधलेलं असतं, सुटतं फार कमी. मुलाम्यातलं निकेल मात्र घामात सहज सुटतं.

म्हणूनच युरोपीय संघाने १९९४ साली नियम केला, तेव्हा त्वचेला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी धातूत निकेल किती आहे यावर मर्यादा घातली नाही. दर आठवड्याला, दर चौरस सेंटीमीटरमधून ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, अशी अट घातली. आपणही खरेदी करताना हाच विचार करायचा.

मग उपाय काय?

आधी निदान. पॅच टेस्टमध्ये निकेलसह वेगवेगळ्या पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, २ दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. त्या काळात पाठ ओली करायची नाही. रक्तातली आयजीई चाचणी ही ॲलर्जी दाखवत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका. वाशीमकरांनी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही टेस्ट होते का, ते आधी फोन करून विचारावं. उगाच चक्कर नको.

मेडिकलमधून स्वतःहून आणलेली, स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब लावू नका. त्वचा पातळ होते आणि खरोखर नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. स्टेरॉइड लागलंच तर डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.

मग तारा बदला. इलेक्ट्रिकसाठी 'स्टेनलेस स्टील' लिहिलेला सेट घ्या. आवाज थोडा जास्त खणखणीत येतो आणि फ्रेट जरा लवकर झिजू शकतात. बेससाठी स्टेनलेस किंवा वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या 'टेपवाउंड' तारा मिळतात. कोटेड तारांवर पातळ थर असतो, पण तो झिजतो, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका. कोबाल्टच्या तारा घेण्याआधी पॅच टेस्टचा रिपोर्ट बघा, कारण निकेलची ॲलर्जी असलेल्या अनेकांना कोबाल्टही सोसत नाही. जुन्या तारा काढल्यावर फ्रेटबोर्ड ओल्या कापडाने पुसून कोरडा करा.

एवढ्याने भागलं तर फ्रेटला हात लावू नका. वाजवताना बोट जास्त करून तारेला लागतं, फ्रेटला कमी. तरीही त्रास राहिला तर स्टेनलेस स्टीलचे किंवा 'इव्हो गोल्ड' नावाचे निकेल नसलेले फ्रेट बसवता येतात. ते काम खर्चिक आहे आणि चांगल्या कारागिराकडूनच करून घ्यावं. नॉब आणि स्क्रूवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारला तरी काही दिवस काम भागतं. तारांवर मात्र नेलपॉलिश लावू नका.

वाजवण्याआधी हात धुवून पूर्ण कोरडे करा, मध्येमध्ये घाम पुसा, झाल्यावर पुन्हा हात धुवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही साधी सवय खूप फरक पाडते.

सोयाबीन, डाळ, चॉकलेट बंद करायचं का?

नेटवर निकेल असलेल्या पदार्थांच्या लांबलचक याद्या फिरतात आणि त्यात सोयाबीन, डाळी, दाणे सगळं असतं. आपल्या सोयाबीनच्या जिल्ह्यात हे वाचून घाबरायला होतं. पण बहुतेकांना निकेलला हात लागणं टाळलं की पुरतं. पथ्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

एक शेवटचं. स्टेनलेसच्या तारा लावूनही त्रास तसाच राहिला तर कारण दुसरं असू शकतं. शिसवीसारख्या लाकडाच्या फ्रेटबोर्डनेही काहींना ॲलर्जी होते. हेही डॉक्टरांना सांगा.

माझं म्हणाल तर तारा बदलल्या, हात धुवायची सवय लावली आणि काही आठवड्यांत बोटं भरून आली. गिटार तीच आहे, फ्रेटही तेच आहेत. तुमच्या ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या ग्रुपमध्ये कोणी बोटं खाजवत बसत असेल तर त्याने गिटार विकायला काढण्याआधी हा लेख त्याला पाठवा!