फिजिओथेरपीची पदवी : कर्ज काढण्यापूर्वी हिशेब मांडा



बारावी विज्ञानाचा निकाल लागतो, 'नीट' परीक्षेत डॉक्टरकीपुरते गुण पडत नाहीत, आणि मग घराघरांत फिजिओथेरपीचे नाव निघते. शिक्षण चांगले आहे. गुडघेदुखी, कंबरदुखी, पक्षाघात, हाड मोडल्यानंतरचे व्यायाम यांसाठी जाणत्या माणसाची गरज खेड्यापाड्यांतही आहे. पण गरज आहे म्हणजे पगार आहेच, असे समजू नका. पेरणीपूर्वी आपण एकरी खर्च आणि उत्पन्न मांडतो, तसाच ताळेबंद या पदवीचाही मांडला पाहिजे.

खर्चाची बाजू

इंटर्नशिप धरून हा अभ्यासक्रम साडेचार ते पाच वर्षांचा आहे. समजा, खासगी महाविद्यालयाची फी वर्षाला १ लाख रुपये आहे आणि चार वर्षांचे ४ लाख तुम्ही बँकेकडून १० टक्के व्याजाने घेतले. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. हप्ता थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. पहिल्या लाखावर साडेपाच वर्षांचे, दुसऱ्यावर साडेचार, तिसऱ्यावर साडेतीन आणि चौथ्यावर अडीच वर्षांचे सरळ व्याज धरले, तर ते १ लाख ६० हजार रुपये होते. म्हणजे मुलगी कमावू लागेल त्या वेळी देणे ४ लाखांचे नसून ५ लाख ६० हजारांचे असेल.

हे दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,४०० रुपये बसतो. एकूण फेड ८ लाख ८८ हजारांच्या घरात जाते. मुदत पंधरा वर्षे केली, तर हप्ता सुमारे ६,००० वर येतो, पण एकूण फेड १० लाख ८० हजारांवर जाते.

उत्पन्नाची बाजू

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातला पगार हिशेबात धरू नका. तेथून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलामुलींना गाठा आणि पहिला पगार किती मिळाला, तो किती महिन्यांनी मिळाला, हे विचारा. समजा तो १८,००० निघाला. शहरात खोली, खानावळ आणि जाण्यायेण्याला ९,००० गेले, तर उरले ९,०००. त्यातून ७,४०० चा हप्ता गेला, तर हाती १,६०० राहतात. एखादे आजारपण आले की हप्ता चुकलाच. आणि सहकर्जदार म्हणून सही आईवडिलांची असते, म्हणून थकबाकीत नाव तुमचेही लागते.

माझा सल्ला असा : हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसेल एवढेच कर्ज काढा. १८,००० पगाराला ४,५०० च्या वर हप्ता नको. पगार पुढे अनुभवाने वाढतो, पण वाढणाऱ्या पगारावर आज कर्ज काढणे म्हणजे न पडलेल्या पावसावर पेरणी करणे होय.

ओझे कमी कसे करावे?

पहिली गोष्ट, शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयांसाठी प्रयत्न करा. मुंबईत के.ई.एम., शीव आणि नायर रुग्णालयांच्या, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते.

दुसरी, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. निवडलेल्या महाविद्यालयाला ती लागू आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारा.

तिसरी, कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणकाळातील व्याज माफ होऊ शकते. संस्था मानांकित असावी लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा.

चौथी, अनुदान मिळत नसेल, तर कापूस-सोयाबीनचे पैसे आले की त्या वर्षीचे व्याज भरून टाका. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी २०,००० असे भरत गेलात, तर शेवटी देणे ४ लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,३०० वर येतो.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत जमीन तारण द्यावी लागत नाही. कोणी सातबारा मागितला, तर आधी कारण विचारा.

प्रवेशापूर्वी तीन प्रश्न

संस्था महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाची आहे का? पदवीनंतर व्यवसायासाठी परिषदेत नोंदणी होईल का? इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते का? उत्तरे लेखी घ्या. 'पॅरामेडिकल' अशी पाटी लावलेल्या प्रत्येक संस्थेचे प्रमाणपत्र चालतेच असे नाही.

शेवटचा प्रश्न घरातला आहे. मुलीचे लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार? पदवी तिची, कमाईही तिची. म्हणून हप्ता तिच्या पगारातून जाईल, हे सोयरीक ठरतानाच उघड बोला. आणि कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हा सारा हिशेब तिच्यासमोर, तिच्याच हाताने वहीत मांडून घ्या.