परसातील कोंबड्या : किती ठेवाव्यात, कशा कमी कराव्यात

कोकणातील घरांत परसदारी कोंबड्या असतात, पण त्या सहसा कोणी मोजत नाही. दिवेलागणीला खुराड्यात शिरताना दिसतात तेवढ्या आपल्या. चाराच्या बारा आणि बाराच्या वीस केव्हा झाल्या, हे घरात माणसे असताना लक्षातही येत नाही. मग मुले मुंबईस जातात, सून तालुक्याच्या गावी नोकरी धरते, वडीलधाऱ्यांपैकी एकाला अर्धांगाचा झटका येतो आणि तीच वीस तोंडे एकाएकी डोळ्यांपुढे उभी राहतात. पहाटे खुराड्याचे दार उघडायचे, कणी टाकायची, पाणी बदलायचे, विष्ठा काढायची. त्याच वेळी आत अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवायचे, औषध द्यायचे, कपडे बदलायचे. हे सारे बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर येते.

अशा घरात दोन टोकांची मते ऐकू येतात. सुटीला आलेला मुलगा म्हणतो, सगळ्या विकून टाका. आणि आजी म्हणतात, एकही जाणार नाही. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. आजींच्या हट्टामागे केवळ हौस नसते. सकाळी उठण्याचे निमित्त, अंगणापर्यंतची चाल, मोजणे, हाक मारणे, कोणती आज अंड्यावर बसली हे लक्षात ठेवणे, हे सारे त्या कोंबड्यांपायी घडत असते. विस्मरणाचा त्रास जडलेल्या व्यक्तींतही अशा हातवळणीच्या सवयी पुष्कळदा इतर गोष्टींहून अधिक काळ टिकतात. खुराडे एका दिवसात रिकामे केले, तर त्यांच्या दिवसाचा कणाच निघून जातो. म्हणून प्रश्न ठेवाव्यात की काढाव्यात हा नसून, किती ठेवाव्यात हा आहे.

ही संख्या ठरविताना चांगल्या दिवसाचा विचार करू नये. ज्या दिवशी काळजी घेणाऱ्यालाच ताप आला आहे, पाऊस कोसळतो आहे, वीज गेली आहे आणि रुग्णाला दवाखान्यात न्यायचे आहे, त्या दिवशी शेजारणीला हाक मारून दहा मिनिटांत उरकता येईल एवढेच काम असावे. बहुतेक घरांत हा आकडा चार ते सहाच्या पलीकडे जात नाही. तिनाच्या खाली मात्र शक्यतो उतरू नये. कोंबडी कळपात राहणारी आहे, एकटी पडली की भेदरते. आता अंड्यांचे पाहा. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते. चार कोंबड्यांची अडीचशेच्या घरात, म्हणजे आठवड्याला चार-पाच अंडी झाली. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वृद्ध माणसांच्या घराला हा पुरवठा बरा म्हणावा. गिरिराजा किंवा वनराजा जातीची कोंबडी याच्या दुपटीच्या आसपास अंडी देते, मात्र तिला खाद्य अधिक लागते.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे भय पडण्याचे आहे. तिन्हीसांजेला एखादी कोंबडी आत यायला तयार नसते. आजोबा काठी टेकत तिच्या मागे फणसाखाली जातात, पायाखाली शेवाळ आणि ओली विष्ठा असते. खुराड्याचे दार गुडघ्याच्या उंचीवर असले, तर वाकून एकदम उभे राहताना रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला भोवळ येऊ शकते. कळप लहान असला की हा पाठलागच संपतो. चार-पाच कोंबड्या कणीचा डबा वाजविताच आत येतात. त्याबरोबर खुराडेही कमरेच्या उंचीवर, घराच्या जवळ आणि उजेडात आणावे. मधुमेह असणाऱ्याने परसात अनवाणी मुळीच जाऊ नये. पावलाची संवेदना कमी झालेली असेल, तर नखाचा ओरखडा कळतही नाही आणि जखम चिघळते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्याने आरे मारणाऱ्या कोंबड्यापासून दूर राहावे.

दुसरे भय धुळीचे. दमा किंवा जुना खोकला असणाऱ्याने वाळलेली विष्ठा झाडू नये. ती कोणी दुसऱ्याने, आधी पाणी शिंपडून, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून काढावी. तिसरे भय सांडलेल्या कणीचे. रात्री कणी उघडी राहिली की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, जो कोकणाला नवा नाही.

आता कमी कशा कराव्यात ते पाहू. सर्वांत सोपी पायरी म्हणजे वाढ थांबविणे. अंडी रोजच्या रोज उचलावीत. कोंबडी खुडूक झाली तरी तिच्याखाली अंडी ठेवू नयेत. ठेवली तर एकवीस दिवसांत आठ-दहा पिल्ले हजर आणि हिशेब पुन्हा पहिल्या जागी. खुडूक कोंबडीला काही दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, पाणी व दाण्यासह ठेवले की तिची बसण्याची ओढ ओसरते. त्यानंतर कोंबडे काढावेत. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. त्याच्यावाचूनही कोंबडी अंडी देते आणि ती अंडी अधिक टिकतात. मग जास्तीच्या तलंगा द्याव्यात, कारण त्यांना घेणारे चटकन मिळतात. म्हाताऱ्या कोंबड्यांचा निर्णय अखेरीस आणि आजींनीच घ्यावा. अंडी देत नाही म्हणून तीच आधी काढा, असा व्यवहारी सल्ला पुष्कळजण देतील. पण नेमकी तीच कोंबडी आजींच्या पायाशी येऊन बसत असेल, तर ती ठेवून एखादी तरणी द्यावी.

नवसाच्या कोंबड्याचा प्रश्न वेगळा. राखणदाराला किंवा देवाला बोललेला कोंबडा बाजारात नेलेला वृद्धांना सहन होत नाही, आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तो कोणता हे आधीच विचारून ठेवावे आणि त्याला मोजणीतून वगळावे.

विकायच्या असतील तर वेळ पाहावी. आषाढ अमावास्येच्या आधी, गटारीच्या सुमारास गावरान कोंबडीला चांगली मागणी असते; श्रावण लागला की अनेक घरांत मांसाहार बंद होतो आणि गिऱ्हाईक ओसरते. विकणे मनाला पटत नसेल, तर गावातल्या विश्वासू घरी वाट्याने द्याव्यात : सांभाळणाऱ्याने सांभाळावे, अंडी वाटून घ्यावीत. आजींना अधूनमधून त्या पाहताही येतात. द्यायच्या कोंबड्या अंधार पडल्यावर उचलाव्यात. तेव्हा त्या शांत असतात आणि पळापळ होत नाही. एकटीदुकटी न देता जोडीने द्याव्यात. घेणाऱ्यानेही त्या दोन-तीन आठवडे आपल्या कळपापासून वेगळ्या ठेवाव्यात.

कळपात मर लागलेली असताना मात्र एकही कोंबडी विकू नये, कोणाला देऊ नये, कापूनही खाऊ नये. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आढळली. कोंबड्यांमधली ती भारतातली पहिली नोंद होती. तेव्हापासून एकाएकी अनेक पक्षी मेले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविणे हे परसातल्या चार कोंबड्यांच्या मालकाचेही काम झाले आहे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

उरलेल्या कोंबड्यांबाबत तीन सवयी पुरेशा आहेत. खुराड्याला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत. खुराड्याची पादत्राणे वेगळी ठेवून ती स्वयंपाकघरात आणू नयेत. वृद्धांना अंडे देताना पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. तडकलेले अंडे वापरू नये. कोंबडीच्या विष्ठेतून येणाऱ्या साल्मोनेला जिवाणूमुळे होणारे जुलाब तरुण माणूस चार दिवसांत निभावून नेतो, तर पंचाहत्तरीच्या माणसाच्या अंगातील पाणी दीड दिवसात उतरते. ताप आणि जुलाब एकत्र आले, तर घरात कोंबड्या आहेत हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

कोंबड्या नेण्याच्या दिवशी आजींना नातेवाइकांकडे पाठवून मागे काम उरकू नये. त्यांना ओट्यावर खुर्ची द्यावी, डालगे त्यांच्यासमोर ठेवावे आणि कोणती जाते, कोणती राहते हे त्यांच्या तोंडून येऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याचे काम त्यांच्याकडेच राहू द्यावे. कणीचा डबा तेवढा लहान करावा.