घरभाडे आणि गाडीभाडे

धानाची मळणी आटोपली की आरमोरी, वडसा, कुरखेडा भागातली कितीतरी मुले कामासाठी नागपूर-पुण्याची वाट धरतात. निघताना घरचे विचारतात, "पगार किती?" फार तर, "खोलीचे भाडे किती?" पण खोलीपासून कारखाना किती लांब आणि तिथे जायला गाडी कोणती, हे विचारणारे वडील विरळाच. पगार गळतो तो नेमका इथूनच.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. वैनगंगेकाठची दोन एकर बांधी स्वस्तात मिळाली, पण तिला पांदण नाही, तर ती स्वस्त की महाग? पावसाळ्यात बैलगाडी जात नाही. खत डोक्यावर न्यायचे आणि भारेही डोक्यावर आणायचे. म्हणून शहाणा शेतकरी जमिनीची किंमत पांदणीसकट धरतो. शहरातल्या घराचेही तसेच आहे.

मुंबईचा धडा

मुंबईत १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. गरीब भाडेकरूला आधार मिळाला, हे खरे. पण वर्षे लोटली, महागाई वाढली, भाडे तेवढेच राहिले. मालकांनी चाळींची डागडुजी सोडली आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणेही सोडले. नवीन येणाऱ्याला पागडी तरी द्यावी लागे, नाही तर झोपडी तरी गाठावी लागे. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली दर पाच माणसांतली दोन झोपडपट्टीत राहत होती.

ज्यांना आत जागा मिळाली नाही ते रेल्वेच्या रुळाकडेने कल्याण, विरारपर्यंत सरकत गेले. कचेऱ्या मात्र दक्षिण टोकालाच राहिल्या. सकाळी सारे एकीकडे, संध्याकाळी सारे उलटीकडे. लोकलची ती गर्दी मुळात घरांच्या टंचाईचीच गर्दी आहे.

यावर उपाय म्हणून १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसू लागली. विचार चांगला होता. पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली १९९२ साली. म्हणजे बावीस वर्षे बांधी होती, पण पांदण अपुरी होती.

रिकामी घरे, बेघर माणसे

२०१२ साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरे कमी असल्याचा अंदाज दिला. त्यातली बहुतेक टंचाई गरीब आणि कमी मिळकतीच्या कुटुंबांची. उलट २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटीहून अधिक घरे रिकामी सापडली. काही कोणी गुंतवणूक म्हणून अडवलेली, काही परवडण्यापलीकडची, तर काही इतकी लांब की कामावर पोचणेच कठीण. नुसत्या भिंती उभारून टंचाई फिटत नाही, ती अशी.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने सांगितले की रस्ते माणसांसाठी आहेत, वाहनांसाठी नव्हेत. चाळीस-पन्नास माणसे एका बसमध्ये बसतात. तीच माणसे मोटारींतून निघाली तर सारा रस्ता अडतो. तरीही बस वाढवण्यापेक्षा उड्डाणपूल बांधण्याची हौस शहरांना जास्त.

आता आपला हिशेब

समजा, कारखान्याजवळ खोली ४५०० रुपये आणि लांब खोली ३००० रुपये. लांबची खोली १५०० ने स्वस्त. पण रोजचे गाडीभाडे ५० रुपये धरले तर २६ दिवसांचे १३०० झाले. उरले २०० रुपये. त्यासाठी रोज तीन तास प्रवास म्हणजे महिन्याला ७८ तास, जवळजवळ दहा दिवसांची मजुरी गाडीत गेली. मुलगा थकतो, जेवण चुकवतो, आजारी पडतो तो खर्च वेगळाच.

नागपुरात २०१९ पासून मेट्रो सुरू आहे. सीताबर्डीहून ती खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापती नगर आणि हिंगणा रस्त्यावरच्या लोकमान्य नगरपर्यंत जाते. हिंगण्याच्या कारखान्यात काम असेल तर या मार्गालगत खोली शोधावी. बुटीबोरीत काम असेल तर शहरात राहण्याचा हट्ट न धरता तिथेच आसपास खोली पाहावी.

धान विकून नागपूरबाहेर प्लॉट घेणारेही आपल्यात आहेत. त्यांनी दलालाच्या मोटारीतून प्लॉट पाहू नये. एकदा बसने जाऊन यावे, अकृषक परवानगीचा कागद तपासावा, शेवटची बस किती वाजता सुटते ते विचारावे.

मुलगा कामाला निघेल तेव्हा घरातल्या बाईमाणसांनीही हिशेबाला बसावे. पैशाची गळती त्यांना आधी दिसते. घरभाडे आणि गाडीभाडे एकाच ओळीत मांडा, शेजारी जाण्यायेण्याचे तास लिहा. मगच पिशवी भरा.