सहा ते सात : रिकामा पडदा

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक ठराव झाला. सायंकाळीं सात ते आठ या वेळांत घरांतील सर्व पडदे, भिंतीवरचा मोठा व हातांतले लहान, बंद ठेवावयाचे. देवापाशीं दिवा लागावा, नातवंडांनीं परवचा म्हणावा आणि मोठ्यांनीं एकमेकांशीं चार शब्द बोलावे. सूचना आमची, अनुमोदन सूनबाईंचें. ठराव नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशीं तो प्रथम कोणीं मोडला हें सांगावयास संकोच वाटतो. त्या दिवशीं क्रिकेटचा सामना फार अटीतटीचा होता, आणि आम्ही निवृत्त झालों असलों तरी विरक्त झालेलों नाहीं. "आजोबा, सात वाजून गेले," असें धाकट्या नातीनें म्हटलें तेव्हां आम्हांला उत्तर सुचलें नाहीं.

या फजितीनंतर आम्हांला इंग्लंडची आठवण झाली. तेथें असाच एक नियम घरानें नव्हे, तर सरकारी धोरणानेंच घातलेला होता.

बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजीं सुरू झाली. महायुद्धाच्या तोंडावर १ सप्टेंबर १९३९ ला ती थांबली आणि ७ जून १९४६ ला पुन्हा उघडली. चित्र अर्थातच काळें-पांढरें, ४०५ आडव्या रेघांनीं विणलेलें. वाचकांनीं १९५४ च्या हिवाळ्यांतील एखादा साधा वार डोळ्यांपुढें आणावा. पाहावयास वाहिनी एकच.

सकाळीं संच लावला तर बहुधा वर्तुळें, रेघा आणि करड्या छटांच्या पट्ट्या असलेलें एक स्थिर चित्र दिसे. तें मनोरंजनासाठीं नव्हतें. दुकानदारानें व कारागिरानें संच जुळवून घ्यावा, एवढाच त्याचा उपयोग. दुपारीं अगदीं लहान मुलांचा कार्यक्रम असे. त्याचें नांव 'वॉच विथ मदर', म्हणजे 'आईबरोबर पाहा'. नांवांतच हेतु होता : हें यंत्र दाईच्या जागीं बसूं नये. त्यांत दोऱ्यांनीं हलणाऱ्या बाहुल्या असत. अँडी पँडी १९५० पासूनचा. कुंड्यांत राहणारे बिल व बेन १९५२ पासूनचे. या दोघांची भाषा बोबडी, आणि ती ऐकून मुलांचें बोलणें बिघडेल अशी तक्रार तेव्हांही झाली. आमचें जन्मभराचें काम उच्चार सुधारण्याचें. त्यामुळें आमचा कल तक्रारदारांकडेच आहे.

पांच वाजतां मोठ्या मुलांचे कार्यक्रम लागत. सहाच्या सुमारास ते संपले कीं पडदा रिकामा! सात वाजेपर्यंत कांहीं नाहीं. या घटकेला 'टॉडलर्स ट्रूस' असें नांव पडलें होतें. आपण त्याला 'बाळांचा तह' म्हणूं. धाकट्यांना निजवावें, थोरल्यांनीं शाळेचा अभ्यास घेऊन बसावें, ही त्यामागची कल्पना. आईला "मी बंद करतें" असें म्हणावेंच लागत नसे. "तें संपलें" एवढें पुरे. छडी दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे आईबापांना गोड राहतां येतें, हें आमच्याइतकें कोणास ठाऊक असणार? वर्गांतील छडी आमच्याच हातीं असे.

पुढें २२ सप्टेंबर १९५५ रोजीं लंडनांत जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी निघाली, आणि तहाला तडा गेला. ज्यांचें उत्पन्न जाहिरातींचें, त्यांना रोजचा बंद तास म्हणजे रोजचा तोटा. बी.बी.सी.चें उत्पन्न परवाना-शुल्काचें. तिला जादा तास म्हणजे जादा खर्च, मिळकत तेवढीच. म्हणून एकाला तह मोडावयाचा होता, दुसरीला राखावयाचा होता. मुलांच्या झोपेविषयींच्या या वादाच्या तळाशीं जमाखर्चाची वही होती. दोन्ही पक्षांची तडजोड होईना. तेव्हांचे पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल हे पेशानें डॉक्टर; युद्धकाळांत नभोवाणीवरून आरोग्याच्या गोष्टी सांगून ते घरोघरीं परिचित झाले होते. मुलांना वेळेवर निजवणें हें आईबापांचें काम, सरकारचें नव्हे, असें त्यांचें मत पडलें. शनिवार १६ फेब्रुवारी १९५७ रोजीं तह संपला. त्याच दिवशीं सहा वाजून पांच मिनिटांनीं बी.बी.सी.नें 'सिक्स-फाइव्ह स्पेशल' हा तरुणांचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. काल जेथें लेंकरांची निजानीज होती, तेथें आज तरुण नाचूं लागले.

तत्त्वतः हिलसाहेबांचें म्हणणें आम्हांला खोडतां येत नाहीं. अडचण एवढीच कीं, त्यांच्या मतें हें काम ज्यांचें, त्यांतलेच आम्ही एक, आणि आमची कर्तबगारी वर सांगितलीच आहे. आतां ठराव पुन्हा मांडला असून दूरनियंत्रक धाकट्या नातीच्या ताब्यांत दिला आहे. मागच्या आठवड्यांत शेवटच्या दोन षटकांपुरती सूट मागितली. ती नामंजूर झाली.

असो. १९५४ च्या त्या दिवसाची रात्र अजून बाकी आहे. साडेसातला बातम्या लागत. ही रोजची योजना त्याच वर्षीं ५ जुलैला सुरू झाली होती. पण वाचणाऱ्याचा चेहरा दाखवीत नसत. मुद्रेवरील भावामुळें बातमीला रंग चढूं नये, अशी काळजी! सप्टेंबर १९५५ पासून चेहरे दिसूं लागले.

त्या काळचा आमच्या मनाजोगता कार्यक्रम म्हणजे 'अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?' संग्रहालयांतील एखादी अपरिचित वस्तु तीन पंडितांपुढें ठेवावयाची. ती काय, कोठली, केव्हांची, हें त्यांनीं ओळखावयाचें. केंब्रिजचे ग्लिन डॅनियल अध्यक्षस्थानीं, आणि पंडितांत सर मॉर्टिमर व्हीलर. हे व्हीलर १९४४ ते १९४८ या काळांत आपल्या पुरातत्त्वखात्याचे महासंचालक होते. हडप्पा, पुदुच्चेरीजवळील अरिकमेडु आणि कर्नाटकांतील ब्रह्मगिरि येथें त्यांनीं उत्खननें केलीं. १९५४ सालीं दूरचित्रवाणीवरील सर्वांत लोकप्रिय व्यक्ति म्हणून त्यांचीच निवड झाली. खापराचे तुकडे पारखणारा विद्वान् नटनट्यांना मागें टाकतो, हें वाचून आम्हांला मनापासून आनंद झाला.

कार्यक्रम बहुतेक प्रत्यक्ष घडत असतांनाच दाखवीत. म्हणून मध्यें खंड पडे, बिघाडही होई. तेव्हां एक लहान चित्रपट लावीत : कुंभाराचें चाक फिरतें आहे, दोन हात मातीला आकार देताहेत. भांडें होईल होईल असें वाटतें, पण तें कांहीं पुरें होत नाहीं. नैयायिकांचें ज्याच्यावांचून पान हलत नाहीं तो घट येथें कायमचा प्रागभावांतच राहिला! मुंबईचें दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालें, तेव्हां शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीनें बसून आम्हीं 'व्यत्यय' ही अक्षरें पुष्कळदां पाहिलीं. त्यापेक्षां कुंभार बरा वाटला असता.

अकराच्या आगेंमागें निवेदक शुभरात्री म्हणे, राष्ट्रगीत वाजे आणि प्रक्षेपण थांबे. रोज किती तास दाखवावें यावरची सरकारी मर्यादा १९७२ पर्यंत होती. संच बंद केला कीं चित्र आक्रसत मध्यभागीं जाई आणि तेथें एक पांढरा ठिपका कांहीं वेळ चमकत राही. शेजारच्या संचावरही तो दिसे. घरची मंडळी चपला घालूं लागत. आम्ही मात्र तो पुरता विझेपर्यंत उंबऱ्यापाशीं थांबत असूं.