पिन ठोकण्याआधी

एआर-१५ या अमेरिकन रायफलीचा चाप ज्या कमानीच्या आत असतो, ती कमान मागच्या बाजूस एका लहान पिनेने सांगाड्याला जोडलेली असते. सांगाड्याला खाली दोन पातळ कान असतात. कमानीचे टोक त्या दोहोंच्या मध्ये बसते आणि तिघांतून आरपार पिन जाते. सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ही पिन ठोकताना कान तुटणे, हा बंदुका दुरुस्त करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा अपघात आहे. पिन किरकोळ किमतीची. कान तुटला की मात्र सबंध सांगाडाच वाया जातो. हे का घडते, ते समजायला शालेय भौतिकीपेक्षा फारसे अधिक लागत नाही.

प्रथम ही पिन भोकात टिकते कशी, ते पाहू. हिला रोल पिन म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी गुंडाळून केलेली ही एक पोकळ नळी असते आणि तिला लांबीभर एक फट असते. ३ मिमी भोकासाठी असलेली अशी पिन मोकळी असताना सुमारे ३.३ ते ३.५ मिमी व्यासाची असते. ठोकून आत घातली की फट मिटत जाते, नळी दबते आणि पूर्ववत होण्याच्या धडपडीत भोकाच्या भिंतीवर सतत दाब देत राहते. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षणच तिला धरून ठेवते. गोळी झाडताना बसणाऱ्या हिसक्यांनीही ती निघत नाही. त्याच रायफलीतील चापाची आणि घोड्याची पिन वेगळ्या जातीची. त्या भोकात सैल बसतात, त्यांच्यावरील खाचेत स्प्रिंग अडकलेली असते आणि हलक्या ठोक्याने त्या बाहेर येतात. समोरची पिन कशाच्या जोरावर टिकली आहे, हे ओळखण्याआधी हातोडी उचलू नये. (आणि बंदुकीच्या बाबतीत, ती रिकामी आहे याची स्वतः खात्री करण्याआधी तर मुळीच नाही.)

आता ठोका. १०० ग्रॅमची हातोडी सेकंदाला २ मीटर वेगाने पिनेवर येते. तिचा संवेग ०.२ किग्रॅ-मीटर प्रति सेकंद. पोलाद पोलादावर आदळून ती ०.२ मिलिसेकंदात थांबली असे धरू. संवेगाला वेळेने भागले की सरासरी बळ येते १,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १०० किलो वस्तुमानाच्या वजनाइतके! अंगठ्याने कितीही दाबून न हलणारी पिन टिचभर हातोडीने का हलते, ते यावरून कळेल. हातोडीचे तोंड रबराचे असेल तर थांबायला दसपट वेळ लागेल आणि बळ १०० न्यूटनवर येईल. वर्गात हे गणित मुलांकडून करून घेण्याजोगे आहे.

पण हे हजार न्यूटन जातात कुठे? पिन घर्षणाने कानाला धरून आहे, म्हणजे ठोका कानालाही बसतो. कानाखाली आधार नसेल तर तो एका टोकाला पकडलेल्या फळीसारखा वाकतो आणि सगळा ताण त्याच्या मुळाशी एकवटतो. तेथेच तो तुटतो. कानाखाली नेमका बसेल असा लाकडी ठोकळा ठेवला, तर ते बळ सरळ ठोकळ्यात उतरते आणि कान वाकतच नाही. पिनेला बाहेर पडायला ठोकळ्यात भोक ठेवावे लागते, एवढेच.

हातोडी आणि पिन यांच्या मध्ये पंच असतो. येथे लिओनार्ड ऑयलर यांचे १७४४ सालचे सूत्र उपयोगी पडते. बारीक दांडा टोकाकडून दाबला तर एका ठराविक बळाला तो एकाएकी बाकदार होतो. हे बळ व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. २ मिमी जाड व ४० मिमी लांब पोलादी पंच, दोन्ही टोके वळायला मोकळी धरली तर, सुमारे ९७० न्यूटनला वाकतो. वर काढलेल्या हजाराशी ताडून पाहा! लांबी निम्मी केली की हीच मर्यादा चौपट होते. म्हणून पहिले ठोके आखूड, जाड पंचाने द्यायचे आणि पिन हलल्यावर लांब पंच घ्यायचा. पहिला क्षण सर्वांत कठीण असतो, कारण स्थितिक घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असते. रोल पिनेच्या पंचाला टोकाशी एक छोटा उंचवटा असतो. तो नळीच्या पोकळीत बसतो आणि पंच घसरत नाही.

निमुळत्या पिनेची गोष्ट निराळी, आणि ती आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमच्या प्रयोगशाळेत एका यंत्राचे दंतचक्र दांड्यावरून काढायचे होते. पिन हलेना, म्हणून आम्ही जड हातोडी घेतली. चक्राचा बिडाचा तुंबा तडकला. नंतर मोजले तेव्हा कळले की आम्ही पिनेच्या जाड टोकावर ठोकत होतो, म्हणजे ती अधिकच घट्ट करत होतो.

या पिनांचा उतार बहुधा ५० मिमीला १ मिमी असतो. अक्षापासून मोजला तर हा कोन केवळ अर्ध्या अंशाहून किंचित जास्त भरतो. पोलादावर पोलादाचा घर्षणांक ०.१५ धरला तर घर्षणकोन साडेआठ अंश येतो. उतरंडीवरचा ठोकळा आपण होऊन घसरत नाही, तशीच ही पिन आपण होऊन सुटत नाही. मात्र बारीक टोकाकडून एकदा का ती मिलिमीटरभर सरकली, की भोकात ०.०२ मिमी मोकळीक होते आणि पिन बोटाने निघते. रोल पिनेला ही सवलत नाही. ती शेवटपर्यंत घासतच बाहेर येते.

२५ मिमी लांब निमुळत्या पिनेच्या दोन टोकांत फरक असतो अर्ध्या मिलिमीटरचा. वंगण आणि गंज चढलेल्या यंत्रात तो नजरेला दिसत नाही, पण दोन्ही टोके पुसून व्हर्निअरने मोजली तर सहज कळतो. यंत्रांच्या भंगारात अशी पिन मिळाली तर शाळेत आणावी. तिचा जाड शेवट कोणता, हे मुलांनी आधी डोळ्यांनी सांगावे आणि मग मोजावे.