म्हाताऱ्या कुत्र्याची आकडी आणि औषधाचा त्रास

अपस्मार हा माणसांचाच रोग आहे, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित मंडळींतही आढळते. वस्तुतः कुत्र्यांच्या मेंदूच्या विकारांत आकडी हा अगदी नेहमीचा प्रकार होय. आज आपल्याला त्यातल्या एकाच भागाचा विचार करावयाचा आहे. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्यास प्रथमच आकडी येऊ लागली तर काय करावे, आणि औषधाने होणारा त्रास कितपत चालवून घ्यावा, हा तो भाग. आकडीइतकाच या औषधाच्या त्रासाने घरचा माणूस घाबरतो आणि एके दिवशी गोळी परस्पर बंद करून टाकतो, म्हणून हे बोलणे आवश्यक वाटते.

प्रथम प्रत्यक्ष आकडीविषयी. आपल्याकडे चप्पल किंवा कांदा हुंगवण्याची चाल आहे. तिचा काहीएक उपयोग नाही; कांदा तर पोटात गेल्यास कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कुत्रा जीभ गिळत नाही, म्हणून तोंडात बोटे अगर चमचा घालू नये. खुर्च्या-टेबले दूर सारावीत, जिन्यापासून त्यास बाजूला घ्यावे आणि घड्याळ पाहावे. घरातल्या कोणी मोबाइलवर चित्रण करून ठेवले तर फारच उत्तम. म्हातारपणी हृदयविकाराने येणारी मूर्च्छा किंवा कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाचा बिघाड, यांनाही लोक आकडीच म्हणतात, आणि पशुवैद्याला त्या चित्रणावरून पुष्कळ उमगते. शुद्धीवर येताना कुत्रा काही वेळ आंधळ्यासारखा भटकतो, ओळखीच्या माणसावरही गुरकावतो. त्या वेळी लाड करू नयेत.

कुत्र्यांचा अनुवंशिक अपस्मार बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो. त्यानंतर प्रथमच आकडी आली की मेंदूतील गाठ, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, रक्तातील साखर उतरणे, अशी कारणे आधी शोधावी लागतात. साखर उतरली असेल तर आकडीच्या गोळीने मूळ दुखणे हटणार नाही. म्हणून रक्ततपासणीचा खर्च वाचवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू.

औषधांत आजही पहिला मान फेनोबार्बिटालचा. हाउप्टमान या जर्मन वैद्याने 1912 साली त्याचा अपस्मारावरील गुण दाखवून दिला. आपल्याकडे ते ‘गार्डिनल’ या नावाने पुष्कळांस ठाऊक आहे. ते सुरू केले की पहिल्या एक-दोन आठवड्यांत कुत्रा झोकांड्या खातो, दिवसभर झोपून राहतो. येथेच घरच्यांचा धीर सुटतो. परंतु औषधाचे रक्तातील प्रमाण स्थिर व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात, आणि ही गुंगी बहुधा तेवढ्यात ओसरते. भूक, तहान आणि वारंवार लघवी ही मात्र पुढेही राहतात. ताटावर झडप घालणाऱ्या म्हाताऱ्याची दया येऊन पोळीवर पोळी घातली की वजन वाढते आणि दुखरे सांधे अधिकच दुखू लागतात. रात्री एकदा जास्त बाहेर न्यावे, पाणी मात्र तोडू नये.

दुसरे औषध पोटॅशियम ब्रोमाइड. अपस्मारावर त्याचा गुण येतो हे लोकॉक या इंग्रज वैद्याने 1857 सालीच नोंदवले होते. ते केवळ मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याच्या अंगात साठते आणि मागचे पाय लुळे पडू लागतात. याउलट खाण्यात मीठ वाढले की ते झपाट्याने निघून जाते. रोज मोजका आहार आणि एका दिवशी पाहुण्यांच्या हातून फरसाण-पापड, असे या औषधावर चालत नाही. लेव्हेटिरासिटाम हे नवे औषध सौम्य खरे, पण साधी गोळी दिवसातून तीनदा द्यावी लागते. नोकरदार घरात ते जमेलच असे नाही.

म्हातारपणी खरी अडचण ही की, प्रत्येक लक्षणाला दोन धनी असतात: वय आणि औषध. पाय लडखडले ते संधिवाताने की गोळीने? हे अंदाजाने ठरवता येत नाही. रक्तातील औषधाचे प्रमाण, आणि दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी, यांवरून ते बऱ्याच अंशी ठरते. फेनोबार्बिटालने यकृताचा एखादा आकडा नुसताच चढतो. तेवढ्यावरून यकृत बिघडले असे होत नाही. कावीळ, सततची उलटी, अन्नावरील वासना उडणे ही मात्र तातडीची चिन्हे समजावीत. मात्रा कमी करावयाची ती पशुवैद्याने आणि पायरीपायरीने. एकाएकी बंद केलेल्या फेनोबार्बिटालमागून येणारी आकडी पहिलीपेक्षा भयंकर असू शकते, प्रसंगी थांबतच नाही.

आकडी समूळ जाईल अशी अपेक्षा पुष्कळदा फोल ठरते. महिन्याला चार येत होत्या त्या दोनावर आल्या आणि कुत्रा अंगणात हिंडू लागला, तर उपचार लागू पडला असेच आम्ही म्हणू. तारीख, वेळ, किती मिनिटे, गोळी चुकली होती काय, एवढे वहीत टिपावे. पाच मिनिटांहून अधिक लांबलेली आकडी, किंवा चोवीस तासांत दोन आकड्या, हा थांबण्याचा प्रसंग नव्हे. गुदद्वारावाटे द्यावयाचे डायझेपाम पशुवैद्याकडून आधीच मात्रेसह लिहून घेऊन घरात ठेवावे आणि ते देऊन लगेच दवाखान्याची वाट धरावी.